सतरा अंगुळें, एक तीळ उणा

एखाद्या गृहस्थाच्या दारापुढें चौरस अंगण आहे. त्याला त्याच आकाराचें, परंतु बरोबर दुप्पट क्षेत्रफळाचें अंगण करावयाचें आहे. बाजू किती धरावी, असें विचारलें तर पुष्कळ शहाणीं माणसेंही विचार न करतां सांगतील कीं, बाजू दुप्पट करा म्हणजे झालें. प्रत्यक्ष आंखून पाहिल्यावर कळतें कीं, बाजू दुप्पट केल्यानें अंगण दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. बरें, दीडपट करावी, तर तें सव्वादोनपट होतें. म्हणजे खरें उत्तर एकपट आणि दीडपट यांच्या दरम्यान कोठें तरी दडून बसलें आहे. प्रश्न दिसावयास पोरकट आहे. परंतु याच प्रश्नानें बाबिलोन, भारत आणि ग्रीस या तीन देशांतील विचारी माणसांस प्राचीन काळीं कामास लावलें, आणि मनुष्याच्या संख्याज्ञानाला एक मोठी ठेच याच ठिकाणीं लागली.

या कोड्याची सर्वांत प्रसिद्ध हकीकत ग्रीस देशांतील आहे. प्लेटो या तत्त्ववेत्त्यानें इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत ‘मेनो’ नांवाचा एक संवाद लिहिला. त्यांत त्याचा गुरु सॉक्रेटिस हा मेनो नामक तरुणाशीं वाद करीत असतां त्याच्या परिवारांतील एका गुलाम मुलास पुढें बोलावतो. मुलगा ग्रीक भाषा जाणतो. भूमिति त्याला कोणी शिकविलेली नाहीं. सॉक्रेटिस दोन फूट बाजूचा चौरस काढतो. त्याचें क्षेत्रफळ चार चौरस फूट. मग आठ चौरस फुटांचा चौरस कोणत्या बाजूवर होईल, असें तो मुलाला विचारतो. मुलगा मोठ्या धिटाईनें चार फूट म्हणून सांगतो. आकृति पुरी केल्यावर सोळा चौरस फूट भरतात. मग तो तीन फूट म्हणतो. तेव्हां नऊ भरतात. शेवटीं मुलगा हात टेकतो आणि आपणांस ठाऊक नाहीं, असें कबूल करतो.

येथें सॉक्रेटिस मेनोकडे वळून जें विचारतो, तें प्रत्येक शिक्षकानें ध्यानांत धरण्यासारखें आहे. थोड्या वेळापूर्वीं मेनोनें सॉक्रेटिसाला वीजमाशाची उपमा दिलेली असते. हा मासा ज्याला स्पर्श करतो त्याला बधिर करून टाकतो. आतां सॉक्रेटिस विचारतो कीं, या मुलाला बधिर केल्यानें त्याचें कांहीं नुकसान झालें काय? मघांशीं त्याला येत नव्हतें आणि येतें असें वाटत होतें. आतां येत नाहीं हें त्याला कळलें आहे, आणि म्हणूनच तो पुढें आनंदानें शोध करील.

नंतर सॉक्रेटिस दोन फुटी चार चौरस एकमेकांस लागून मांडतो व त्यांचा चार फुटी मोठा चौरस करतो. प्रत्येक लहान चौरसाचा एकेक कर्ण तो असा काढतो कीं, चारी कर्ण मिळून मध्यें एक तिरपा चौरस तयार होतो. प्रत्येक लहान चौरसाचा निम्मा भाग या तिरप्या चौरसाच्या आंत येतो व निम्मा बाहेर राहतो. चार निमे म्हणजे दोन पुरे चौरस. अर्थात् आठ चौरस फूट. दुप्पट चौरसाची बाजू म्हणजे मूळ चौरसाचा कर्ण होय. कोडें सुटलें.

सुटलें खरें, परंतु एक गोष्ट चाणाक्ष श्रोत्याच्या नजरेंतून निसटूं नये. ही बाजू किती फूट लांब, हें सॉक्रेटिस शेवटपर्यंत सांगत नाहीं. उलट, तीन फुटांचें उत्तर चुकल्यावर तो मुलाला अशी मुभा देतो कीं, आंकड्यानें सांगावयाचें नसेल तर निदान रेषा दाखव. रेषा शेवटीं सांपडली. आंकडा मात्र त्याला कोणीच सांगूं शकलें नसतें, कारण तसा नेमका पूर्णांक किंवा अपूर्णांक अस्तित्वांतच नाहीं. रेषा डोळ्यांपुढें आहे, तिचीं दोन्ही टोकें पक्कीं आहेत, आणि तरीही बाजूच्या मापानें, त्या मापाचे कितीही बारीक सारखे भाग केले तरी, ती मोजून पुरी होत नाहीं.

असें असलें तरी या आंकड्याचा पाठलाग प्लेटोच्या पूर्वीं हजार वर्षांहूनही अधिक काळ आधीं सुरू झाला होता. अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या बाबिलोनी संग्रहांत ७२८९ क्रमांकाची एक मातीची तबकडी आहे. ती तळहातावर मावेल एवढी, गोलसर असून इ. स. पूर्वीं सुमारें १८०० ते १६०० या काळांतील आहे. तिजवर एक चौरस व त्याचे दोन कर्ण काढलेले आहेत. बाजूवर ३० हा आंकडा आहे आणि कर्णाशीं दोन संख्या लिहिलेल्या आहेत. ऑटो नॉयगेबावर व अब्राहम साक्स या संशोधकांनीं १९४५ सालीं ही तबकडी प्रसिद्ध केली, तेव्हां गणिताच्या इतिहासकारांस तिचें महत्त्व कळलें.

बाबिलोनी लोक साठाच्या पटींत मोजीत असत. तासाचीं साठ मिनिटें आणि मिनिटाचे साठ सेकंद हा त्यांच्याच पद्धतीचा वारसा आहे. तबकडीवरील एक संख्या १, २४, ५१, १० अशी आहे. म्हणजे एक पूर्ण, त्यावर २४ साठांश, ५१ छत्तीसशांश, आणि १० भाग त्याहूनही साठपट बारीक. दशांश पद्धतींत ही संख्या १.४१४२१२९६ होते. खरी किंमत १.४१४२१३५६ पासून पुढें चालूं राहते. एक किलोमीटर बाजूच्या मैदानाचा कर्ण या आंकड्यानें काढला, तर चूक मिलिमीटरच्या सहा दशांशांएवढी होईल! दुसरी संख्या म्हणजे ३० ला याच आंकड्यानें गुणून आलेला कर्ण होय. ही तबकडी लेखनविद्या शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याची पाटी असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. आंकडा इतका नेटका असूनही तो पुरता आहे कीं जवळपासचा आहे, याविषयीं तबकडीवर एक अक्षरही नाहीं.

भारतांत हाच प्रश्न यज्ञभूमीवर उत्पन्न झाला. श्रौत यज्ञांत गार्हपत्य, आहवनीय आणि दक्षिणाग्नि असे तीन अग्नि असतात. पहिल्याचें स्थान वर्तुळाकार, दुसऱ्याचें चौरस आणि तिसऱ्याचें अर्धवर्तुळाकार. परंतु तिहींचें क्षेत्रफळ सारखें असावें, असा दंडक होता. अर्धवर्तुळ एका चौरसाएवढें व्हावयाचें तर पूर्ण वर्तुळ दोन चौरसांएवढें पाहिजे. म्हणून आधीं चौरस दुप्पट करतां आला पाहिजे. अशीं मापें सांगणाऱ्या ग्रंथांस शुल्बसूत्रें म्हणतात. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायन, आपस्तंब, मानव व कात्यायन यांचीं शुल्बसूत्रें विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांत बौधायनाचें सर्वांत जुनें मानतात, आणि त्याचा काळ सामान्यतः इ. स. पूर्वीं ८०० ते ५०० यांच्या दरम्यान धरतात. चौरसाच्या कर्णावर ताणलेली दोरी दुप्पट भूमि निर्माण करते, हें या सूत्रकारांस पूर्ण ठाऊक होतें. म्हणून त्या दोरीस ते द्विकरणी म्हणत. करणी म्हणजे करणारी. द्विकरणी म्हणजे दुप्पट करणारी.

येथपर्यंत सॉक्रेटिसाची रेषा आणि सूत्रकारांची दोरी एकच आहेत. परंतु सूत्रकार येथें थांबत नाहींत. ते आंकडाही देतात. तो समजण्यास बाजू १२ अंगुळें धरावी. बाजूचा तिसरा भाग ४ अंगुळें, तो मिळविला कीं १६ झालीं. त्या चारांचा चौथा भाग १ अंगूळ, तो मिळविला कीं १७ झालीं. आतां या शेवटच्या अंगुळाचा चौतिसावा भाग वजा करावा, म्हणजे कर्ण मिळाला. बौधायनाच्याच कोष्टकांत ३४ तीळ रुंदीनें एकास एक लावून ठेवले म्हणजे एक अंगूळ होतें. तेव्हां हिशेब असा कीं, बारा अंगुळांच्या चौरसाचा कर्ण सतरा अंगुळें, एक तीळ उणा!

हा तीळ कोठून आला? जॉर्ज थीबो या जर्मन पंडितानें १८७५ सालीं शुल्बसूत्रांवर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हां त्यानें दाखविलें कीं, १२ चा वर्ग १४४, त्याची दुप्पट २८८, आणि १७ चा वर्ग २८९. फरक अवघ्या एकाचा. पुढें बिभूतिभूषण दत्त यांनीं १९३२ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत चौरस कापून जोडण्याची एक रीति सुचविली. सूत्रकारांनीं तीच वापरली असा पुरावा नाहीं. तो तर्क आहे. परंतु तर्क इतका सुंदर आहे कीं, श्रोत्यांनीं कागद व कात्री घेऊन तो स्वतः करून पाहावा.

बारा अंगुळांचे दोन सारखे चौरस घ्यावे. पहिला तसाच ठेवावा. दुसऱ्याच्या चार चार अंगुळें रुंदीच्या तीन पट्ट्या कापाव्या. त्यांतील दोन पट्ट्या पहिल्या चौरसाच्या लगतच्या दोन बाजूंस लावाव्या. कोपऱ्यांत चार अंगुळांची एक चौकोनी जागा रिकामी राहते. तिसऱ्या पट्टीचे तीन चौरस तुकडे करावे. त्यांतील एक त्या जागेंत बरोबर बसतो आणि सोळा अंगुळांचा पुरा चौरस होतो. हातांत दोन तुकडे उरले. प्रत्येकाच्या एकेक अंगूळ रुंदीच्या चार पट्ट्या कापाव्या. या आठांपैकीं चार एका बाजूस व चार दुसऱ्या बाजूस ओळीनें लावल्या कीं त्या बेताच्या पुरतात. परंतु कोपऱ्यांत एक अंगूळ लांब व एक अंगूळ रुंद अशी जागा पुन्हां रिकामी राहते, आणि आतां हातांत कांहींच उरलेलें नसतें.

म्हणजे सतरा अंगुळांचा चौरस एका चौरस अंगुळानें मोठा आहे. तो लहान करण्यासाठीं दोन बाजूंकडून एक अतिबारीक पट्टी कापून टाकावी. दोन बाजूंची लांबी सतरा आणि सतरा मिळून ३४ अंगुळें. म्हणून पट्टीची रुंदी अंगुळाचा चौतिसावा भाग, अर्थात् एक तीळ. चौतीस हा आंकडा असा आपोआप हातीं येतो. मात्र गंमत येथेंच संपत नाहीं. दोन बाजूंच्या पट्ट्या कोपऱ्यांत एकमेकींवर येतात. हिशेबांत तो कोपरा दोनदां धरला, आणि कात्रीनें तो एकदांच कापला गेला. म्हणून तिळाएवढ्या बाजूचा एक चौरस अद्याप जादाच राहिला. तोही काढावा म्हटलें तर तिळाच्या हजाराव्या भागाहून बारीक पट्टी कापावी लागेल, आणि तेव्हांही कोपऱ्यांत कांहीं तरी राहीलच. कात्री कितीही धारदार असो, कोपरा कांहीं सुटत नाहीं.

सूत्रकारांचा आंकडा दशांशांत १.४१४२१५६८ होतो. एक किलोमीटर बाजूला दोन मिलिमीटरांची चूक. यज्ञवेदीवर ती दिसणेंही अशक्य. या मापास ते सविशेष म्हणतात. विशेष म्हणजे फरक किंवा जादा भाग. कर्ण हा बाजूहून जितका जादा, त्या जादा भागासह जें माप तें सविशेष, असा एक अर्थ होतो. हें माप नेमकें नसून त्यांत कांहीं शेष आहे अशी ती कबुली आहे, असा दुसरा अर्थ कांहीं विद्वान करतात. दुसरा अर्थ मनाला अधिक भावतो, हें खरें. परंतु मनाला भावणें हा पुरावा नव्हे. कर्ण कोणत्याही अपूर्णांकानें नेमका सांगतां येणार नाहीं, याची सिद्धता शुल्बसूत्रांत दिलेली नाहीं, आणि ती तेथें होती असें म्हटल्यानें सूत्रकारांचा मोठेपणा वाढत नाहीं. दोरी व खुंट्या एवढ्याच साधनांवर तिळापर्यंत जाऊन पोहोंचलेल्या माणसांस दुसऱ्याचा दागिना अंगावर घालण्याची गरज नाहीं.

ती सिद्धता ग्रीक लोकांची. पायथागोरसाच्या अनुयायांची श्रद्धा अशी होती कीं, विश्वांतील सर्व कांहीं संख्यांनीं बांधलेलें आहे. चौरसाच्या साध्या कर्णानें त्या श्रद्धेला तडा दिला. हिप्पासस नांवाच्या एका अनुयायानें असें कांहीं गुपित फोडल्यामुळें तो समुद्रांत बुडाला, अशी कथा पुष्कळ शतकांनंतरचे ग्रंथकार सांगतात. त्यांच्या सांगण्यांत मेळ नाहीं, म्हणून ती दंतकथा समजावी. परंतु अशी दंतकथा रचली जावी, यावरून त्या शोधाचा धक्का किती मोठा वाटला असेल, हें कळतें. ॲरिस्टॉटलच्या लेखनांत या सिद्धतेचा ओझरता उल्लेख आहे: कर्ण व बाजू एकाच मापानें मोजतां येतात असें मानलें, तर एकच संख्या सम आणि विषम ठरते.

हीच गोष्ट चित्रानेंही पटवितां येते. ही युक्ति अमेरिकन गणितज्ञ स्टॅन्ली टेनेनबॉम यांच्या नांवानें ओळखली जाते व ती विसाव्या शतकांतील आहे. समजा, पूर्णांक बाजूचा एक मोठा चौरस, पूर्णांक बाजूच्या दोन सारख्या लहान चौरसांएवढा बरोबर भरतो, आणि असें घडणाऱ्या सर्व चौरसांत हा सर्वांत लहान आहे. ते दोन लहान चौरस मोठ्याच्या आंत समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत बसवावे. मध्यें ते एकमेकांवर चढतात आणि दुसरे दोन कोपरे उघडे राहतात. एकूण क्षेत्रफळ सारखें असल्यामुळें, मध्यें दोनदां झांकलेला चौरस हा उघड्या राहिलेल्या दोन चौरसांच्या बेरजेएवढाच असला पाहिजे. या नव्या चौरसांच्या बाजू पूर्णांकांच्या वजाबाकीनें मिळतात, म्हणून त्याही पूर्णांकच. म्हणजे सर्वांत लहान म्हटलेल्या चौरसाहूनही लहान असा चौरस सांपडला! हें अशक्य, म्हणून मूळ समजूतच खोटी. १७ आणि १२ घेऊन पाहिलें तर मधला चौरस ७ चा आणि उघडे चौरस ५ चे निघतात. सातांचा वर्ग ४९, पांचांच्या वर्गाची दुप्पट ५०. एकाचा फरक येथेंही पाठ सोडीत नाहीं.

ग्रीकांनीं हा विचार दोनांपाशींच ठेवला नाहीं. सायरीनी येथील थिओडोरस या गणितज्ञानें तीन, पांच अशा क्षेत्रफळांचे चौरस एकेक करून घेतले, आणि सतरापर्यंत येऊन तो थांबला, असें प्लेटोच्या ‘थिएटेटस’ या संवादांत सांगितलें आहे. त्याचा शिष्य थिएटेटस यानें एकेक उदाहरण सोडून सर्वांना मिळून नियम सांगितला: जी पूर्ण संख्या कोणत्याही पूर्ण संख्येचा वर्ग नाहीं, तिच्या क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू मूळ मापानें मोजतां येणार नाहीं. याच विषयाचा विस्तार पुढें इ. स. पूर्वीं ३०० च्या सुमारास युक्लिडाच्या दहाव्या पुस्तकांत झाला. संवादाच्या आरंभीं थिएटेटस हा कॉरिंथच्या छावणींतून जखमी व आजारी अवस्थेंत अथेन्सकडे नेला जात आहे, असें वर्णन आहे.

अशा रीतीनें बाबिलोनी लेखनिकांनीं आंकडा दिला, शुल्बकारांनीं दोरी आणि आंकडा यांची सांगड घातली, आणि आंकडा कां पुरा पडत नाहीं हें ग्रीकांनीं सिद्ध केलें. आंकडा काढण्यास एक प्रकारची बुद्धि लागते आणि तो पुरा पडणार नाहीं हें सिद्ध करण्यास दुसऱ्या प्रकारची. कोणतीही एक दुसरीचें काम करीत नाहीं.

शुल्बकारांचा शब्द मात्र दोरीबरोबर संपला नाहीं. ज्या संख्येचें वर्गमूळ पुरें निघत नाहीं, अशा मुळांच्या गणितास पुढील भारतीय ज्योतिषी करणी म्हणूं लागले. इ. स. १११४ मध्यें जन्मलेल्या भास्कराचार्यानें आपल्या ‘बीजगणितां’त करणींची बेरीज, वजाबाकी, गुणाकार वगैरे परिकर्में स्वतंत्रपणें सांगितलीं आहेत. त्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्याचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचा शिलालेख जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे. महाराष्ट्रांतील शाळांत आजही दोनाच्या वर्गमुळास करणीच म्हणतात. करणी म्हटल्यावर जादूटोणा आठवून मुलें हंसतात. परंतु तो शब्द मूळचा यज्ञभूमीवर ताणलेल्या दोरीचा आहे, हें त्यांना एकदां सांगावें.

त्याच मुलांना आणखी एक गोष्ट दाखवितां येईल. शाळा-कचेऱ्यांत सर्रास वापरला जाणारा ए-चार आकाराचा कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. हा आकार जर्मनींत १९२२ सालीं ठरला, आणि हेतु असा कीं, कागद मधोमध दुमडला तरी आकाराचें प्रमाण तेंच राहावें. तसें व्हावयाचें तर लांबी ही रुंदीवरील चौरसाच्या कर्णाएवढी पाहिजे. २९७ आणि २१० यांस तिनांनीं भागिलें कीं ९९ आणि ७० राहतात. ९९ चा वर्ग ९८०१. ७० च्या वर्गाची दुप्पट ९८००. पुन्हां एकाचाच फरक!

आरंभींच्या गृहस्थाचें अंगण एव्हांना आंखून झालें असेल. त्याला आंकड्याची गरजच नव्हती. एका कोपऱ्यांतून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली कीं नव्या अंगणाची बाजू हातांत आली. गवंड्यानें बाजू किती म्हणून विचारलें, तर त्यानें दोरी दाखवावी. गवंडी आंकड्यासाठीं फारच हटून बसला, तर बारास सतरा, एक तीळ उणा, असें सांगावें. आणि तो तीळही पुरता बरोबर नाहीं, हें सांगावयास विसरूं नये.